कुंपणाच्या आतली मशागत

“आधी कुंपण, मग कौतुक,” असं माळीबुवा येताजाता म्हणत. दवाखान्यामागच्या बागेत नवे लागले तेव्हा त्यांनी पेरूची कलमं उघड्यावर लावून चार लोकांत मिरवलं होतं, आणि सकाळी शेळ्यांनी नुसते खुंट मागे ठेवले होते. तेव्हापासून त्यांनी मेंदीचं कुंपण धरलं. हंगामामागून हंगाम कात्री चालवून इतकं दाट केलं, की मांजरालाही अंग चोरून आत शिरता येईना.

आता दवाखान्याचे नवे साहेब म्हणत होते, कुंपण काढा, गाड्यांना जागा हवी. सकाळी मोजणी होती. रात्री बुवा ताटावर मान खाली घालून बसले होते.

“बाबा, तुमच्या फाटकावर हॉर्टिकल्चर लिहिलंय ना,” शाळेत भाषा शिकवणारी त्यांची मुलगी म्हणाली, “तो शब्द लॅटिनमधून आलाय. होर्तुस म्हणजे कुंपण घातलेली बाग, कुल्तुरा म्हणजे मशागत. उघड्या शेताला त्या भाषेत वेगळा शब्द होता.”

बुवांनी मान वर केली. “म्हणजे तिकडंही शेळ्या मोकाट होत्या म्हण की!”

“हेच सांगा उद्या साहेबांना.”

“अर्थ सांगून गाड्या मावतात होय गं? जागा दाखवावी लागेल.”

सकाळी साहेबांनी टेप उलगडली. शाळेत जाता जाता मुलगीही फाटकाशी थांबली.

“साहेब, कुंपणाला हात लावू नका,” बुवा म्हणाले. “ही माझी खोली पाडा. तेवढ्यात बसतील तुमच्या गाड्या.”

मुलगी दचकून खोलीकडं बघू लागली. फाटकालगतच्या त्या पत्र्याच्या खोलीत बुवा कलमाच्या चाकूंना धार लावत, दुपारी पाठ टेकत. आई गेली तेव्हा घरी कुणासमोर रडले नव्हते, ते तिथं दार लावून रडले होते.

“मग तुम्ही बसणार कुठं, बुवा?” साहेबांनी विचारलं.

“जन्मभर झाडं लावलीत, साहेब. एकही सावली देणार नाही म्हणता?”

साहेबांनी खोलीची लांबीरुंदी घेतली आणि टेप गुंडाळली. कुंपण राहिलं. मुलीला वाटलं, त्या लॅटिन शब्दाचा अर्थ आपण काल सांगितला खरा, पण तो बाबांनी आज समोर उभा करून दाखवला.

बुवांनी खोलीतलं स्टूल डोक्यावर घेतलं, चाकू कमरेला खोचले आणि बांधावरून ताठ मानेनं निघाले. शाळेची घंटा झाली, तरी मुलगी फाटकाशी उभी राहून बघतच राहिली.