सरांचा उजवा कान

साचे आणि त्यांतून प्लॅस्टिकची झाकणं-बादल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. मालकापासून पॅकिंगमधल्या बायकांपर्यंत सगळ्यांची ती 'पाणीवाली ताई'. पाण्याशी तिचा संबंध एवढाच, की संगणकावर तयार झालेलं कुठलंही मॉडेल खाली मशीनकडे सोडण्याआधी ती एकच प्रश्न विचारायची, "पाणी धरतं का?"

प्रश्न बरोबर होता. गिऱ्हाइकाकडून जे येतं ते पडद्यावर अगदी वस्तूसारखं दिसतं. बादली असेल तर बादली, झाकण असेल तर झाकण. पण ती असते नुसती कातडी. जाडी शून्य, आत काही नाही. पंधरा-वीस पातळ तुकडे एकमेकांना टेकवून ठेवलेले आणि मध्ये केसाएवढ्या फटी. आपल्या डोळ्यांना फट दिसत नाही, मशीनला दिसते. मग आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे त्याला कळेनासं होतं, आणि ते कळल्याशिवाय साचा कापता येत नाही. त्या कातडीच्या सगळ्या फटी मिटवायच्या, तुकडा तुकड्याला सांधायचा आणि पोकळ आकाराची भरीव वस्तू करायची, हे ताईचं काम.

तिचे वडील पत्र्याचे कारागीर होते. डबे, नरसाळी, झाडांना पाणी घालायच्या झाऱ्या. कथलाचा डाग देऊन सांधा झाला की वडील डबा उन्हाकडे धरून आतून बघत, आणि तेवढ्यावर न थांबता तो पाण्याने भरून ओट्यावर ठेवत. तासाभराने ओटा कोरडा असेल तरच डबा दुकानात जाई. लग्नानंतर ताई या कारखान्यात पॅकिंगला लागली. बारा वर्षं झाकणं मोजून खोक्यात भरली. माडीवरच्या डिझाइनच्या खोलीत एक जुना संगणक रिकामा पडून होता. मालकांना विचारून ती जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे बसू लागली. डबा पाच मिनिटांत संपवायचा आणि उरलेला वेळ माउस हातात. दोन वर्षांनी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तिचं टेबल माडीवर गेलं.

"कानामागून आली आणि तिखट झाली," असं मुख्य डिझायनर तेव्हा म्हणाला होता. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण त्या खोलीत जुना. हुशार माणूस. कामाचा उरक असा, की त्याची बोटं कळफलकावर दिसत नसत, म्हणून सगळे त्याला 'शॉर्टकट' म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. ताईने त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही. तिखट असण्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

खरोखरच्या कानाचं काम आलं ते त्यानंतर सात वर्षांनी.

एका सकाळी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई पिशवीत एक छोटी डिस्क घेऊन माडीवर आल्या. अपघातात किंवा आजारात चेहऱ्याचा भाग गेलेल्या लोकांना त्या कृत्रिम अवयव बसवत असत. त्यांचे एक रुग्ण भूगोलाचे शिक्षक होते. गाठ काढताना त्यांचा उजवा कान पूर्ण काढावा लागला होता. दुसऱ्या एका ठिकाणाहून त्यांना रबरी कान करून आणला, तो दिसायला झकास होता, पण त्याच्यावर चष्मा टिकत नव्हता. खाली बघितलं की चष्मा कानासकट पुस्तकावर. वर्गात एकदा तसं झालं आणि सरांनी कान डबीत घालून ठेवला. तेव्हापासून ते चष्मा डोक्यामागून इलॅस्टिकने बांधत. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला डावा, धड कान आणि उजवीकडचा व्रण असं दोन्ही स्कॅन करून आणलं होतं. त्यातून भरीव मॉडेल करून साचा करून द्याल का, असं त्या विचारत होत्या.

मालक जरा बिचकले. आपण झाकणंवाले, हे कानाचं लचांड कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. शॉर्टकटने मात्र डिस्क घेतली आणि डॉक्टरीणबाईंचा चहा निवायच्या आत काम हातावेगळं केलं. डावा कान आरशातल्यासारखा उलटवला, व्रणावर बसवला, फटी आपोआप बुजवायचा हुकूम सोडला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. भरीव कान तयार.

सगळे खूश झाले. ताई आपल्या खुर्चीवरून उठून त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"याचं आकारमान किती दाखवतंय, बघ ना," ती म्हणाली.

शॉर्टकटने बघितलं. आकडा उणे होता. कान उलटवताना कातडीही उलटी झाली होती. संगणकाच्या हिशेबाने कानाच्या आत सगळं जग होतं आणि बाहेर काहीच नव्हतं. मोज्यासारखी ती सुलटी करायला त्याला एक क्षण लागला. आकडा अधिक झाला. आता पाणी धरतं, असं तो जरा तिरकसपणे म्हणाला.

"पाणी धरतं," ताई म्हणाली. "चष्मा धरत नाही."

तिने मॉडेल फिरवून मागची बाजू सगळ्यांना दाखवली. कान आणि डोकं यांच्यामध्ये वरच्या बाजूला जी खाच असते, जिच्यात चष्म्याची दांडी बसते, तिथे खाच नव्हतीच. स्कॅनरला कानाच्या मागचं दिसत नाही. जिथे त्याला दिसलं नाही तिथे भोक राहिलं, आणि भोक दिसताच संगणकाने या काठापासून त्या काठापर्यंत सरळ पडदा ताणून टाकला. पहिल्या कानाचंही हेच झालं असणार. डॉक्टरीणबाई एकदम पुढे झुकल्या. मग त्यांनी मालकांकडे न बघता ताईलाच विचारलं, की तुम्हाला काय काय लागेल.

ताईने दोन गोष्टी मागितल्या. चार दिवस, आणि स्वतः सर.

मालकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, की हे जमेल ना, बादली बिघडली तर दुसरी करता येते. ताई म्हणाली, जमेल. ती हे छातीठोकपणे म्हणाली, कारण तिला ते खरंच जमण्यासारखं दिसत होतं. पत्र्याची झारी असो की माणसाचा कान, काठाला काठ कुठे भेटतो हे समजलं की बाकीचं काम हाताचं असतं.

त्या संध्याकाळपासून तिला जिकडे तिकडे कान दिसू लागले. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या बाईंचे, भाजीवाल्याचे. जेवताना ती नवऱ्याच्या कानाकडे इतका वेळ बघत राहिली, की त्याने घास खाली ठेवला.

"पंचवीस वर्षं माझं बोलणं तुझ्या कानात शिरत नाही," तो म्हणाला, "आणि आज तूच माझ्या कानात शिरायला निघालीस?"

तिने त्याला चष्मा घालून मान वर-खाली करायला लावली, बोलायला लावलं, हसायला लावलं. दांडी खाचेत नुसती टेकत नव्हती. खाच मागे उतरत जात होती तसतशी दांडीही वाकत होती. हे तिला पडद्यावर कधी कळलं नसतं.

सर दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंबरोबर आले. उंच, शिडशिडीत माणूस, नीट इस्त्री केलेला सदरा. खोलीत येताच त्यांनी भिंतीलगतची खुर्ची निवडली आणि उजवी बाजू भिंतीकडे करून बसले. बोलणं मोजकं. शॉर्टकट त्यांच्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होता, की त्याने रिकामाच कप तोंडाला लावला.

ताई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. कान कसा गेला हे तिने विचारलं नाही. चष्मा कुठे कुठे घसरतो, हे विचारलं. सरांनी यादीच सांगितली. वह्या तपासताना, जिना उतरताना, शिंक आली की. मग ते म्हणाले, "नकाशा दाखवायचा तर वळावं लागतं. वळलं की ही बाजू मुलांकडे होते. म्हणून मी नकाशा लावणंच सोडलं. भूगोल तोंडी शिकवतोय, दीड वर्ष."

ताई म्हणाली, "ते आपण सोडवू, सर. आधी तुमचा चांगला कान जरा उसना द्या."

दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला वापरतात तसला मऊ लगदा डॉक्टरीणबाईंनी मळला. सरांचा चष्मा, इलॅस्टिक काढून, डाव्या कानावर होता तसाच ठेवून कानामागच्या खाचेत तो दाबून भरला. लगदा घट्ट होईपर्यंत सरांना हलायचं नव्हतं. ती पाच मिनिटं ताई त्यांना पत्र्याच्या झाऱ्यांबद्दल सांगत होती; वडील फुटक्या झारीला 'हिला रडायची सवय आहे' म्हणत, ते ऐकून सर हसले, तशा डॉक्टरीणबाई ओरडल्या, की हसू नका, ठसा बिघडेल. ठसा निघाला तो सुंदर निघाला. स्कॅनरला न दिसलेली सगळी मागची बाजू त्यावर होती, दांडीची खोबणसुद्धा.

पुढचं काम तिचं आणि पडद्याचं. ठशाचा स्कॅन आला, तोही तिने डाव्याचा उजवा करून घेतला. आता तीन कातड्या झाल्या: पुढचा कान, मागची खाच, आणि उजवीकडचा व्रण, ज्याच्यावर हे सगळं बसायचं होतं. तिन्हींचे मिळून एकेचाळीस तुकडे, आणि कुठलाच काठ दुसऱ्याशी नीट जुळेना. एक तुकडा तर इतका अरुंद होता, की मोठा करून बघितल्याशिवाय तो आहे हेच कळत नव्हतं. कानाच्या पाळीवर, जिथे कडा आत वळते तिथे, एक तुकडा स्वतःच्याच अंगातून आरपार गेला होता. सांधायचा हुकूम दिला की संगणक तिथे अडायचा आणि लाल ठिपका दाखवून गप्प बसायचा.

तिसऱ्या दिवशी शॉर्टकटने सल्ला दिला. सूट वाढवा, तो म्हणाला. दोन काठांमध्ये किती अंतर चालेल ते आपणच ठरवतो. आकडा जरा सैल केला की सगळं एका फटक्यात जुळेल. तो सल्ला चुकीचा नव्हता, बादलीसाठी त्या दोघांनी ते कितीदा केलं होतं. पण सैल आकड्याने फट मिटत नाही, फट आहे हे फक्त संगणक मान्य करायचं सोडतो. रबर पातळ कडेला याच जागी फाटलं असतं. वडील म्हणत, जाड डाग दिसायला भक्कम, पण पहिल्या उन्हाळ्यात तोच सुटतो. ताईने हे सगळं त्याला भाषण म्हणून सांगितलं नाही. तिने तो आरपार गेलेला तुकडा उचलून टाकून दिला आणि शेजारच्या चार तुकड्यांच्या काठांवरून नवा तुकडा बेतला, पत्रा मुडपताना बेततात तसा, आधी लांब बाजू, मग आखूड. अरुंद तुकडाही काढला आणि दोन्ही शेजाऱ्यांना थोडं थोडं पुढे आणून एकमेकांना भेटवलं. शॉर्टकट आधी उभा राहून बघत होता. मग त्याने खुर्ची आणली. दुपारी चारच्या सुमाराला खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलं होतं तेव्हा शेवटचा काठ जुळला आणि लाल ठिपका गेला.

ताईने लगेच आनंद साजरा केला नाही. तिने कान मधोमध कापून आतून बघितला, मग आडवा, मग तिरपा. सगळीकडे भरीव. आकारमानाचा आकडा ठीक, कातडी सुलटी. तरीही तिने थ्रीडी छपाईच्या यंत्रावर त्याचा एक टणक प्लॅस्टिकचा नमुना काढला, त्यावर नवऱ्याचा जुना चष्मा अडकवला आणि नमुना हातात घेऊन उलटसुलट हलवला. चष्मा लोंबकळला, सुटला नाही. मग तिने फाइल खाली पाठवली.

साचा कापून झाला, डॉक्टरीणबाईंनी त्यात रबर ओतलं, सरांच्या कातडीचा रंग दिला, पाळीवर बारीक शिरासुद्धा रंगवल्या. कान बसवायच्या दिवशी त्यांनी ताईला इस्पितळात बोलावून घेतलं. कान व्रणावर चिकटवून झाल्यावर सरांनी डोक्यामागचं इलॅस्टिक स्वतःच्या हाताने सोडवलं. चष्मा लावला. आरशात त्यांनी क्षणभरच बघितलं, कान कसा दिसतो यात त्यांना फारसा रस नव्हता. ते सरळ खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. उठले, डोकं झटकलं, मुद्दाम शिंकल्याचा आवाज काढला. चष्मा जागच्या जागी.

"बसलाय," ते म्हणाले. मग ताईला म्हणाले, "बाई, शाळेत कोणी विचारलं, कान कुणी केला, तर काय सांगू?"

"सांगा, पत्रेवाल्याच्या मुलीने," ताई म्हणाली.

सोमवारी पहिल्याच तासाला सरांनी जगाचा नकाशा लावला. हे डॉक्टरीणबाईंनी फोनवर कळवलं, आणि त्याच फोनवर दुसऱ्या रुग्णाचं काम घ्याल का, असं विचारलं. मालकांनी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. झाकणं आणि बादल्या चालूच आहेत, पण आठवड्यातला एक दिवस आता इस्पितळाचा असतो. शॉर्टकट ठसे घ्यायला डॉक्टरीणबाईंबरोबर स्वतः जातो. माणसाकडे बघून बोलायची त्याला आता सवय झाली आहे. ताईने आजवर अकरा कान केले, त्यातले दोन एकाच माणसाचे, आणि सध्या तिच्या पडद्यावर एक नाक आहे. नाकाला दोन भोकं खरीच ठेवायची असतात आणि बाकी सगळी बुजवायची, त्यामुळे संगणकाला सारखं दटावावं लागतं. पण ती म्हणते, जमेल.