चंपा आली नाही

चंपा मेश्रामला पाहिलेली माणसं थोडी, ऐकलेली मात्र हजारो. पासष्ट साली, एकोणिसाव्या वर्षी, ती भंडाऱ्याहून पुण्याला टेलिफोन ऑपरेटर म्हणून आली आणि पुढची कितीतरी वर्षं लोकांचे ट्रंक कॉल जोडत राहिली. पहिल्या दिवशी तिचं आडनाव ऐकून बाकीच्या बायका डबे घेऊन दुसऱ्या टेबलावर सरकल्या होत्या. तेव्हा सदाशिव पेठेतल्या दुर्गाबाई उठल्या, स्वतःचा डबा तिच्यासमोर उघडून बसल्या आणि म्हणाल्या, "इथे हवा बरी आहे."

ती मैत्री टिकली. एसटीडी आलं, जो तो आपला नंबर आपणच फिरवू लागला, जुने बोर्ड भंगारात गेले. चंपाला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. ती निवृत्त झाली आणि विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत एकटीच राहू लागली. लग्न तिने केलंच नव्हतं. रोज दुपारी चार वाजता दुर्गाबाईंचा फोन यायचा, आणि तेवढं तिला पुरायचं.

दोन हजार नऊच्या जानेवारीत त्यांच्याच एक्स्चेंजमधल्या हेमाने दोघींना जेवायला बोलावलं. तिच्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागली होती. हॉटेल आळंदी रस्त्यावरचं, नवं, पंजाबी. दुर्गाबाईंना त्यांची सून भाग्यश्री रिक्षाने घेऊन आली. चंपा आधीच येऊन बसली होती. दुर्गाबाई समोर बसल्या, तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"नमस्कार. आपण?"

सगळ्या हसल्या. दुर्गाबाईंचा तिरकसपणा ठाऊकच होता. दुर्गाबाई मात्र हसल्या नाहीत.

जेवण बेताचंच निघालं. सूप गोड. पनीर, कोफ्ते, मटर, सगळ्याला एकच लाल रस्सा. रोट्या येईपर्यंत वातड झालेल्या. हेमा ओशाळली, वेटरला बोलत राहिली. दुर्गाबाईंनी घासही घेतला नाही. त्या सारख्या दाराकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी हेमाला हळूच विचारलं, की चंपा अजून कशी आली नाही.

"अहो दुर्गाताई, ही काय तुमच्या समोर बसलीय," हेमा म्हणाली.

दुर्गाबाईंनी बराच वेळ निरखून पाहिलं. "चेहरा तिचाच आहे. साडीही तिचीच, मीच दिलेली. आवाजसुद्धा हुबेहूब काढते. पण ही चंपा नाही." मग थेट तिलाच विचारलं, "तिला कुठे ठेवलंय तुम्ही?"

आवाज चढलेला नव्हता. चंपा घाईघाईने आठवणी सांगू लागली. पहिल्या दिवशीचा तो डबा, त्यातली मेथीची भाजी, संपात दोघींनी गेटवर काढलेली ती दुपार. सगळं खरं होतं. पण एकेका आठवणीसरशी दुर्गाबाईंचा चेहरा उतरत गेला. त्या भाग्यश्रीला बिलगल्या आणि कुजबुजल्या, "हे सगळं हिला कोणी सांगितलं?"

बेसिनपाशी भाग्यश्रीने सांगितलं, की पंधरा दिवसांपासून त्या स्वतःच्या मुलालाही 'तो माणूस' म्हणतात. औषधं चालू आहेत. गोड काही न मागवताच सगळ्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी चारला फोन वाजला.

"चंपा, काल आली का नाहीस?" दुर्गाबाई म्हणाल्या. "तुझ्यासारखी दिसणारी एक बाई तुझ्या जागेवर येऊन बसली होती. तिला सगळं माहीत होतं गं. तू एकटी असतेस. दार उघडू नकोस तिला."

ती मीच होते, हे चंपाच्या ओठांवर आलं होतं. पण फोनवर का होईना, दुर्गाताई तिला ओळखत होत्या. तेवढं तिला घालवायचं नव्हतं.

"नाही उघडणार," ती म्हणाली.

फोन ठेवून ती उठली आणि दाराची वरची कडी लावली. भर दुपारी ती कधी कडी लावत नसे. लावून झाल्यावर तिच्या ते लक्षात आलं, तरी तिने ती काढली नाही.

पावसाळ्यात भाग्यश्रीने निरोप दिला, की आता त्या जास्तच खचल्या आहेत, एकदा येऊन बघा, कदाचित ओळखतील. चंपा सदाशिव पेठेतला जिना चढून तिसऱ्या मजल्यावर पोचली. बेलकडे हात नेला तोच पिशवीतला मोबाईल वाजला. तिने तो कानाला लावला. चार वाजले होते. दुर्गाबाईंचा आवाज तिला दोनदा ऐकू आला, एकदा कानात आणि एकदा बंद दाराआडून.

"चंपा, दाराबाहेर कोणीतरी उभं आहे. फटीतून पाय दिसतायत. तीच असणार."

चंपाने पायांकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे सरकली.

"घाबरू नका, दुर्गाताई," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "मी आहे ना फोनवर. जाईल ती."

"गेली का गं?"

"चाललीय," म्हणत चंपा जिना उतरू लागली. रस्त्यावर येऊन रिक्षा मिळेपर्यंत ती बोलत राहिली.

दुर्गाबाई त्यानंतर दीड वर्ष जगल्या. चारचा फोन एकही दिवस चुकला नाही. चंपा त्या घरी पुन्हा गेली नाही. शेवटच्या दिवशी भाग्यश्रीने कळवलं, तेव्हाही ती फक्त घाटावर गेली आणि दुर्गाताईंचा चेहरा झाकेपर्यंत गर्दीच्या मागेच उभी राहिली.