तांदळात लिहिलेलं नाव

अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये, नेदरलँड्समधल्या आमच्या गावात, त्यांना कुणी ‘वहिनी’ अशी हाक मारली, तर त्या ओ देत नसत. “वहिनी हे नातं झालं. नाव सांगा,” म्हणत. मग लोक ‘राधिकाताई’ म्हणायचे. तेही त्यांचं नव्हतं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं ते नाव. त्या मूळच्या वसुधा. इतिहासातली एम. ए.ची पदवी त्याच नावावर होती.

इथे शाळेत नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा विचारणा झाली: पासपोर्टावर राधिका, पदवीवर वसुधा, या दोघी एकच कशावरून? पुण्याहून लग्नाचे कागद मागवायचे होते. “कशाला ती यातायात? काय कमी आहे तुला?” नवरा म्हणाला आणि विषय मिटला. त्याने मिटवला! मी मोठी झाल्यावर त्यांनी हे मला सांगितलं. त्यांच्या घरात त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. मग वीस वर्षं दर शनिवारी त्या आम्हा मुलांना फुकट मराठी शिकवत राहिल्या.

एकदा त्यांनी आमचा वर्ग झुट्फेनला, वालबुर्गा या संत बाईच्या चर्चमध्ये नेला. “ही इंग्लंडची. शिकलेली. समुद्र ओलांडून जर्मनीत आली, मठ चालवला. चेटकिणींपासून राख म्हणून लोक हिलाच साकडं घालायचे. आणि मे उजाडायच्या आदल्या रात्री चेटकिणी डोंगरावर नाचतात म्हणे, त्या रात्रीला नाव कुणाचं? हिचंच! बाईचं काम गेलं कुठे, नाव गेलं कुठे!”

“ती तर मेली होती. तिला काय फरक पडतो?” मी इंग्रजीत म्हणाले.

“मराठीत भांड,” त्या म्हणाल्या. “आणि मी अजून मेलेली नाही.”

पुढच्या शनिवारी मराठी मंडळाचे एक काका वर्गात आले. “वहिनी, पोरांना शुभंकरोती शिकवा. चेटकिणी कसल्या शिकवता?” त्या फळ्यावर तारीख लिहीत राहिल्या. ओ दिली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शोकपत्रिकेवर ‘कै. सौ. राधिका, प्रेमळ पत्नी आणि आई’ एवढंच. पदवी नाही, वर्ग नाही. मेल्यावरही तांदूळच!

अंत्यदर्शनाला दारापाशी शोकसंदेशांची वही ठेवली होती. मी पेन दाबून लिहिलं: ‘वसुधाताई, एम. ए., शिक्षिका.’

मागे त्यांचा मुलगा उभा होता. इथेच वाढलेला, माझ्याच वयाचा. त्याने ती ओळ अक्षर लावत वाचली.

“हू इज वसुधा?”

“तुझी आई,” मी मराठीत सांगितलं.