आत्याबाईंनी सांगितलेला सिनेमा

दिवाळीच्या सुटीतला पहिला रविवार होता आणि मला फक्त झोप हवी होती. शाळा बंद असली तरी शाळेची ऑनलाइन माहिती भरणं बंद नव्हतं. सकाळपासून मी मोबाइलवर पोरांचे आधार नंबर टाकत बसले होते आणि साइट दर पाच मिनिटांनी मला बाहेर काढत होती. त्यात चार महिन्यांपूर्वी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांची कॉट पुढच्या खोलीत टीव्हीसमोर. त्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, हे सगळं शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. माझी पाठ तर अशी दुखत होती की मी ते कुणाला सांगायचंही सोडून दिलं होतं.

लेक जालन्याला फार्मसी शिकते. ती सुटीला घरी मंठ्याला आली आणि आल्या आल्या आजीच्या कॉटवर बसून म्हणाली, "आजी, तुझा तो सिनेमा परत काढलाय. नवीन हिरोइन, नवीन सगळं. लावू का?"

"तुझा तो सिनेमा" म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना कळतं. आत्याबाईंनी आयुष्यात मोजून पाच-सहा सिनेमे पाहिले असतील. त्यातला एकच त्या सांगायच्या. मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी हरभरा निवडताना, शेवया वळताना, कधी नुसतंच पाय पसरून बसल्यावर त्यांनी तो मला कितीदा सांगितला असेल. मी तो कधी पाहिला नव्हता. पाहायची गरजही वाटली नव्हती, इतका तो मला माहीत होता.

गोष्ट साधी. एका बाईला नवरा कुणाच्या तरी सांगण्यावरून घराबाहेर काढतो. ती भावाच्या गावी जाते, लोकांचे कपडे शिवून पोट भरते. काही वर्षांनी नवऱ्याला चूक कळते आणि तो तिला न्यायला येतो. इथं आत्याबाई हातातलं काम थांबवायच्या.

"ती त्याला पाणी देती. तहानलेल्याला पाणी द्यावंच लागतं. पण उंबऱ्याच्या आत घेत न्हाई. म्हणती, आधी सांगा, मला का काढलं होतं. तो म्हणतो, जाऊ दे, झालं गेलं. ती म्हणती, न्हाई, तुमच्या तोंडानं सांगा. मंग तो सांगतो. समदं सांगतो. तवा कुठं ती म्हणती, या आत."

मला हा शेवट फार आवडायचा. आणि तो मला एकदा उपयोगीही पडला.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला जिल्हा परिषदेच्या शाळेची ऑर्डर आली. मामांनी, माझ्या सासऱ्यांनी, ती वाचली, घडी घातली आणि लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. "आपल्या घरातल्या बाया चाकरीला जात न्हाईत," एवढंच म्हणाले. नवरा शेजारी उभा होता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मी दुसऱ्या दिवशी माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला निघून गेले.

विसाव्या दिवशी नवरा न्यायला आला. ओसरीवर बसला. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला. आतून आई खुणा करत होती, जावयाला आत बोलव म्हणून. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "आधी सांगा, मी का आले."

"चल ना घरी. बघू काय ते."

"न्हाई. तुम्ही सांगा."

त्यानं तांब्या खाली ठेवला, परत उचलला. मग म्हणाला, "दादांनी तुझी ऑर्डर पेटीत ठेवली आन् मी गप बसलो."

एवढंच मला ऐकायचं होतं. आम्ही परत आलो तेव्हा ऑर्डर पेटीत नव्हती. आत्याबाईंनी ती काढून माझ्या उशीखाली ठेवली होती. किल्ली त्यांनी कशी मिळवली ते मी कधी विचारलं नाही. मामा पुढे सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी चौथ्या दिवशी शाळेवर हजर झाले आणि आजतागायत हजरच आहे. नवरा माणूस म्हणून वाईट निघाला नाही. पण त्या दिवशी दारात उभं राहायची हिंमत माझी स्वतःची नव्हती, ती त्या सिनेमातल्या बाईची होती, असं मी कायम धरून चालले होते.

तर त्या रविवारी लेकीनं नवा सिनेमा लावला. मी आत्याबाईंच्या पायाशी बसले. सिनेमात आता परदेशातलं घर होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईची मोठी कंपनी झाली होती. सगळे चकचकीत खोल्यांमधून चालत चालत भांडत होते.

"ह्यांच्या घरात कामं कोण करतंय?" आत्याबाईंनी विचारलं.

"आजी, बघ ना गप."

"बघून राह्यले की. ती बाई रडली तरी तिच्या नाकाला पाणी न्हाई."

मला मध्ये कधी झोप लागली कळलंच नाही. जाग आली ती ढोल-ताशासारख्या कसल्या तरी संगीतानं. पडद्यावर नवरा न्यायला आला होता. बाईनं त्याला भलंमोठं भाषण ऐकवलं, घटस्फोटाच्या कागदावर सही केली आणि एकटीच गाडी चालवत निघून गेली. लेकीनं टाळ्या वाजवल्या.

"याला म्हणतात रिमेक! जुन्यात असं दाखवायची हिंमत झाली असती का?"

"जुन्यात तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं," मी म्हटलं. "ते जास्त अवघड."

"मग बघूया की. जुना पण आहे मोबाइलवर."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई झोपल्यावर आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून जुना सिनेमा पाहिला. रंग विटून गेले होते, आवाज खरखरत होता. तरी मी ओळखीच्या ठिकाणी आल्यासारखी बघत होते. ही ती विहीर. हा तो भाऊ. ही ती शिलाई मशीन, जिचं आत्याबाई इतकं वर्णन करायच्या. हिरोइनचा चेहरा घामानं खरोखर चिकट झालेला होता, आत्याबाई सांगायच्या तसाच. मग शेवट आला. नवऱ्याची मोटार दारात थांबली. बाई शिवण टाकून अनवाणी धावत सुटली आणि त्याच्या पायावर पडली. म्हणाली, माझंच चुकलं, मला क्षमा करा. त्यानं तिला उठवलं. घरी सासूनं ओवाळलं. संपला.

लेक माझ्याकडे बघत राहिली. "हे? हे आजीला आवडतं?"

इतकी वर्षं मी मनातल्या मनात ज्या बाईचे उपकार मानत होते, ती तर पायावर पडली होती. कुणी मागितली नसताना क्षमा मागत होती. मला तिचा राग आला, आणि राग येण्याइतकंही अंगात त्राण नव्हतं म्हणून मी भांडी घासायला घेतली.

संध्याकाळी चहाच्या वेळेला शेजारच्या खाला आल्या. त्यांच्या घरात उर्दू बोलतात, आमच्याशी मराठी. चाळीस वर्षं त्या आणि आत्याबाई एकमेकींच्या शेजारी राहतात. खाला पूर्वी ब्लाउज शिवायच्या, आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून फक्त फॉल-पिको करतात. त्यांचा भाऊ पूर्वी जालन्याच्या एका टॉकीजमध्ये तिकिटं फाडायचा, त्यामुळे फुकटात पाहिलेल्या सिनेमांची त्यांना गणतीच नव्हती.

मी चहा दिला आणि सरळ विचारलं. "आत्याबाई, आम्ही जुना सिनेमा पाहिला. तुम्ही सांगता तसा शेवट त्यात न्हाई."

आत्याबाईंनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. "मी कुठं शेवट बघितला?"

"म्हणजे?"

"जालन्याला तीनचा खेळ होता. मंठ्याची शेवटची गाडी सहाची. तुझे मामा मधीच उठले, चल म्हणले, गाडी जाईल. मी त्यांच्या मागं उलटी चालत बाहेर आले, पडद्याकडं बघत बघत. नवऱ्याची मोटार आल्ती तेवढं दिसलं."

"मैंने बताया था ना," खाला म्हणाल्या. "मी हिला बराबर सांगितला होता शेवट. चार वेळा बघितलेला मी. पायावर पडती, सगळं."

"सांगितला होतास. मला पटला न्हाई."

लेक हसली. "आजी, म्हणजे तूच रिमेक केलास!"

पण आत्याबाई हसल्या नाहीत. खालाही हसल्या नाहीत. त्या आत्याबाईंकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सांगून टाक आता. किती दिवस ठेवती."

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. "आधी न्हाई बदलला मी. आधी खालानं सांगितला तसाच सांगायचे. तुझ्या नणंदेला तसाच सांगितला."

माझी नणंद शहागडला दिलेली. नवऱ्याचं हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान. तो मारायचा, हे माझ्या लग्नाआधीपासून सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"दोनदा आल्ती माघारी," आत्याबाई म्हणाल्या. "दोन्ही डाव मीच समजूत घातली. म्हणलं, बाईनं पडतं घ्यावं. सिनेमात बी घेतलं तिनं, मंग समदं चांगलं झालं. दुसऱ्या डावाला तिच्या कानातून रक्त येत होतं. तरी मी गाडीत बसवून दिलं. मंग वर्षभरानं तू आलीस लग्न होऊन. तुला तसाच कसा सांगायचा?"

खालांनी आत्याबाईंच्या पायावरची चादर उगाच सारखी केली. लेकीचं तोंड एवढंसं झालं होतं. तीच म्हणाली, "मग आजी, नवा काढला ते बरंच झालं की."

"बरंच झालं. न्हाई कोण म्हणतंय?" आत्याबाई म्हणाल्या. "पण तिला एवढी पैशावाली कशाला केली गं? गाडी हाय, बंगला हाय, ती जाईलच. जिच्याजवळ पिठाचा डबा सुद्धा स्वतःचा न्हाई, तिनं काय करावं, ते दाखवायचं होतं."

भाऊबीजेला नणंद आली. माझ्या नवऱ्याला ओवाळून झालं, जेवणं झाली. तिचा नवरा तीन वर्षांपासून अर्धांगवायूनं पडून आहे. तीच त्याला भरवते, तीच दुकान बघते. ती कुठंही गेली तरी भिंतीच्या कडेला, मांडीवर पिशवी घेऊन बसते. आत्याबाईंनी नातीला सांगितलं, "तुझ्या आत्याला तो नवा सिनेमा लाव."

नणंदेनं तो पूर्ण पाहिला. मध्ये एकदाही बोलली नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. भाषण झालं, सही झाली, बाई गाडीतून निघून गेली. टीव्ही बंद झाल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "माय, मी तुला शेवट चुकीचा सांगितला होता."

त्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता.

"न्हाई आई," नणंद म्हणाली. "तू बराबर सांगितला होतास. सिनेमात तसाच होता. मी बघितला ना नंतर टीव्हीवर."

"तसं न्हाई म्हणत मी."

"मला कळतंय तू काय म्हणतीस."

आत्याबाईंनी हात पुढे केला. नणंदेनं तो धरला, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. चारला नवऱ्याच्या गोळ्या असतात आणि शेजारीण विसरते. माझ्या लेकीला राहवलं नाही. तिनं विचारलं, "आत्या, कसा वाटला?"

नणंदेनं जरा विचार केला. "चांगला हाय," ती म्हणाली. "उशिरा काढला."

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. वाटेत आम्ही साबणाच्या भावाविषयी बोललो. गाडीत खिडकी मिळाली तेव्हा तिनं मला हात केला, आणि मला एकदम वाटलं की मीही तिच्यासोबत बसून जावं, शहागडला नाही, कुठंही, नुसतं बसून झोपावं. गाडी गेली. मी भाजी घेऊन घरी आले.

सुटी संपली, लेक जालन्याला गेली. फोनवर तिनं मला एकदा विचारलं, "आई, तुझं मत काय मग? मूळ सिनेमा असताना परत काढावा का?" तिच्या मैत्रिणींमध्ये वाद चालला होता. मी काळी-पिवळी जीपमध्ये चौघींच्या मध्ये दाबून बसले होते, मांडीवर उत्तरपत्रिका. म्हटलं, "काही बदलायचं असेल तर काढावा. नुसते कपडे बदलायचे असतील तर कशाला?" ती म्हणाली, आई, हे तू फार सोपं केलंस. असेल. मला त्या दिवशी त्याहून अवघड काही सुचत नव्हतं.

आत्याबाई आता वॉकर घेऊन दारापर्यंत जातात. सिनेमा मात्र त्या सांगत नाहीत. परवा खालांची सून विचारत होती, अम्मा, वो पिक्चर की कहानी सुनाओ ना. आत्याबाई म्हणाल्या, "मोबाइलवर दोन्ही हाईत. बघून घे."