बाटलीतला कापूस

आम्ही दोघी दर महिन्याला एकाच दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला जातो, पण एकमेकींचं नाव कधी विचारलं नाही. ती रेवदंड्याला बोंबील सुकवते. गोळ्यांची बाटली हातात पडली की पायरीवर बसून तिच्यात कापूस कोंबते. गोळ्या वाजल्या तर सासू विचारील. हा आजार देऊन नवरा गेला; सासूच्या लेखी तो काविळीनं गेला.

परवा ती रांगेत रडत होती. दार उघडंच होतं; आत समुपदेशक बाईंनी विचारलं, "उदास वाटतं का?"

ती हसून म्हणाली, "न्हाय, बाई."

ती बाहेर आल्यावर मी भडकले, "खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं तर त्याच्या आनखी गोळ्या देतील. त्या कुठं लपवू?"

उरलेला कापूस तिनं माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि माझ्या बाटलीत कोंबला.