घोषणेचं उत्तर

माझं शिक्षण पत्रकांवर झालं. घरात पुस्तकं मोजकी, चळवळीची पत्रकं मात्र ढीगभर. वडील ती जपून ठेवत आणि मी मोठ्यानं वाचत असे. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चंद्रपूरच्या बसस्टँडसमोरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यावर मराठी पत्रक करायला पहिला मीच बसलो. शिकाऊ पोरं मजकूर पुसून टाकत, म्हणून इन्स्टिट्यूटच्या मालकभाऊंनी मला पासवर्ड ठेवायला लावला; साठवलेला मजकूर पुन्हा उघडतानाच तो लागे. चौकात घोषणा ओरडणाऱ्या माणसाला एक शब्द लपवायला सांगणं म्हणजे शिक्षाच! मी घोषणेतलाच एक शब्द ठेवला आणि आठवडाभरात विसरलो.

आणि विसरलो कधी, तर धानोऱ्याकडची बाई समोर बसलेली असताना. आदल्या दिवशी चौघी येऊन पत्रक सांगून गेल्या होत्या: मोहाचं झाड तोडण्याआधी गावातल्या बायांना विचारा. वाक्यावाक्याला भांडून त्यांनी मजकूर ठरवला, मी तो थेट मशीनवर उतरवला. तिघी परतल्या. ही बाई छापील पत्रकं घेऊन दुपारच्या बसनं जाणार होती. दुसऱ्या दिवशी गावात सभा होती.

"बाई, पुन्हा सांगा ना. हातानं लिहून घेतो."

"चौघीनं ठरवलं, मी एकटीनं कसं सांगू? एक शब्द बदलला तर त्या मले गावात घेतीन का?"

तिचं म्हणणं मला पटलं, म्हणून जास्तच घाम फुटला. क्रांती टाकली, समता टाकली, संघर्ष टाकला. मशीन ढिम्म.

भाऊ हसायला लागले. "साऱ्या दुनियेले समता सांगतोस, मशीनले पटून नाई राह्यली!"

तेवढ्यात धानोऱ्याचा मोर्चा आठवला. त्यातली घोषणा माझीच होती. तिच्यातलं 'बापाचं' टाकून पाहिलं. तेही नाही. वैतागून मी ओरडलो, "जंगल कोनाचं?"

बाईची मूठ सवयीनं वर गेली. "आमच्या मायचं!"

मी उडालोच. घोषणा देणारा नुसता प्रश्न विचारतो, उत्तर लोक देतात. मोर्चाच्या पत्रकात मी लिहिलं होतं 'आमच्या बापाचं'. बायांनी ते भर मोर्चात बदलून टाकलं होतं. मी इतका खूश झालो होतो की परतल्यावर तोच शब्द मशीनला दिला होता.

'मायचं' टाकलं. पडद्यावर चौघींचं पत्रक जसंच्या तसं उभं राहिलं. बाईनं टाळीच वाजवली.

"काऊन रे बाबू, आमचंच उत्तर आमच्यापासून लपवून ठेवलं होतं का?"

प्रिंटरवर स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाइलचं छपाईयंत्र फिरवलं, शाई ओली असतानाच पत्रकं तिच्या पिशवीत गेली. बस हलली तसं तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"जंगल कोनाचं?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी उत्तराच्या बाजूला होतो. बेंबीच्या देठापासून ओरडलो. स्टँडवरचे दोघंतिघंही ओरडले.

मागून भाऊंचा आवाज आला, "अरे, आता तरी तो पासवर्ड बदल! साऱ्या स्टँडले मालूम झाला!"

मी बदलला नाही.