बॉल बॅडमिंटनवाल्या अण्णांवर मी मारलेला शेरा

जगातले सर्वांत मोठे खेळाडू कोणता देश घडवतो, या विषयावर मी आमच्या कँटीनच्या टेबलाशी वर्षानुवर्षं बोलत आलो होतो. बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात मी टूलरूमचा मॅनेजर होतो. शहाण्णवच्या ऑलिम्पिकनंतर तर मला चेवच चढला. लांब पल्ल्याचं धावणं म्हणजे केनिया, मुष्टियुद्ध म्हणजे क्युबा, पोहण्यात ऑस्ट्रेलिया. आणि सगळ्यांच्या वर डेकॅथलॉन, कारण तिथं दहा प्रकारांत एकाच माणसाला धावावं, उड्या माराव्या आणि फेकावंही लागतं. सांबारभात कालवत मी हे सांगायचो आणि हाताखालची माणसं माना डोलवायची. त्या माना माझ्या खुर्चीसाठी डोलत होत्या, हे तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्या टेबलाशी लेथवर काम करणारे एक टर्नर बसायचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं; घरात मराठी, पण अर्धीअधिक कन्नड मिसळलेली. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते खेळाच्या कोट्यातून भरती झाले होते, बॉल बॅडमिंटनमध्ये राज्याकडून खेळलेले. पिवळा लोकरीचा चेंडू, एका बाजूला पाच जण, असा तो खेळ. चाळिशी आली तरी ते कंपनीच्या संघात होते आणि नव्या भरतीला तेच शिकवत.

एका दुपारी अण्णा म्हणाले, "सार, आमचा बॉल बॅडमिंटनपण स्वल्प धरा की यादीत."

"अण्णा, जो खेळ तुंगभद्रेपलीकडे कुणाला ठाऊक नाही, त्यातला चॅम्पियन म्हणजे गल्लीतला पैलवान," मी म्हणालो. "नव्वद कोटींच्या देशाला एकच ब्राँझ का मिळतं? असल्या खेळांवर आपण नोकऱ्या वाटतो म्हणून."

टेबल हसलं. अण्णाही हसले. मग ताकाचा पेला खाली ठेवून त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "सार, तुम्ही कुठला खेळ खेळलात?"

मी काहीच खेळलो नव्हतो. शाळेत कवायतीच्या तासाला पोट दुखतंय सांगून वर्गात बसायचो. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "साहेब कॉमेंटरी खेळतात!" या वेळचं हसू आधीपेक्षा मोठं होतं आणि कुणाला ते आणावं लागलं नव्हतं.

त्याच महिन्यात बढतीसाठीचे गोपनीय अहवाल भरायचे होते. चार्जहँडच्या, म्हणजे कामगारांच्या टोळीप्रमुखाच्या, जागेसाठी अण्णांचं नाव पहिलं होतं. संघाबरोबर बाहेरगावी गेलेले दिवस कामाचेच धरले जात, आणि त्या प्रत्येक परवानगीवर माझीच सही होती. तरी मी लिहिलं : खेळामुळे वारंवार गैरहजर, जबाबदारीच्या जागेसाठी अद्याप योग्य नाही. अक्षर छान आलं.

बढती दुसऱ्याला मिळाली. अहवाल गोपनीय, म्हणून अण्णा मलाच विचारायला आले. "सार, माझं काय कमी पडलं?"

"वरून आलंय," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी पाप निम्मं झालं असतं. पण मी पुढे म्हणालो, "वरच्यांना वाटतं, तुमचं लक्ष खेळात आहे. सोडून बघा वर्षभर."

"सरी, सार, सोडतो," ते म्हणाले, आणि खरंच त्यांनी खेळ सोडला. शिकवणारं कुणी उरलं नाही, तसा दोन वर्षांत संघही मोडला. बढती त्यांना चार वर्षांनी मिळाली.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात मी के. आर. पुरमला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मी बोलत असताना आतला भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे त्यांच्या बायकोनंही ऐकलं. अण्णा गुडघा चोळत होते.

"बढतीचं जाऊ द्या सार," ते म्हणाले. "आमची मुलगी धावायची. नववीत जिल्ह्यात पहिली आली होती. मीच तिला थांबवलं. म्हटलं, खेळानं माझं वाटोळं केलं, तुझं नको. अजून ती त्यावर माझ्याशी नीट बोलत नाही."

मी म्हणालो, मी तिला भेटतो, पाया पडतो.

"तुम्ही तोंडानं छान बोलता, ते मला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "लिहून द्या. मराठी वाचायला मी शिकवलंय तिला."

तर तिच्यासाठी लिहितो. तुझे वडील त्या वर्षी एकही दिवस विनापरवानगी गैरहजर नव्हते. टूलरूममध्ये त्यांच्या तोडीचा टर्नर दुसरा नव्हता. खेळानं त्यांचं काहीही बिघडवलेलं नाही. त्यांना जे सांगितलं गेलं ते खोटं होतं, ते मी सांगितलं होतं, आणि ते खरं मानून त्यांनी तुला थांबवलं.